जवसाचे वस्त्र आणि मढ्यावरचे कापड

१

आमच्या वाशिम जिल्ह्यात जवस म्हणजे चटणी आणि तेल. रब्बीत हरभरा-करडईच्या बाजूला निळ्या फुलांची एखादी पट्टी असायची. सोयाबीनने रान व्यापल्यापासून तीही विरळ झाली. मळणी होऊन दाणे घरात आले की काड्या चुलीत जायच्या, नाहीतर उकिरड्यावर. या काडीच्या सालीत धागा असतो आणि त्या धाग्याचे कापड होते, हे मला पुष्कळ वर्षे ठाऊक नव्हते. शाळेत ते मला कुणी शिकवले नाही. पुढे मी मास्तर झालो तेव्हा मीही कुणाला शिकवले नाही. मला ते कळले विनयपिटक वाचताना.

महावग्गात चीवराविषयी एक संपूर्ण खंधक आहे. भिक्खूंना कोणती वस्त्रे चालतील त्यांची यादी तिथे दिली आहे : खोम, कप्पासिक, कोसेय्य, कंबल, साण, भंग. कापूस, रेशीम, लोकर, सण, भांगेचा वाख हे लगेच ओळखता येतात. पण यादीतले पहिलेच नाव खोम. संस्कृतात क्षौम. म्हणजे जवसाच्या वाखाचे वस्त्र. शहरातला दुकानदार आज ज्याला लिनन म्हणून चढ्या भावाने विकतो, तेच.

त्याच खंधकात रंगाचीही हकिगत आहे. आरंभी भिक्खू शेणाने आणि पिवळ्या मातीने चीवर रंगवीत. रंग नीट धरत नसे. मग बुद्धांनी सहा प्रकारच्या रंगांना परवानगी दिली : मुळाचा, खोडाचा, सालीचा, पानाचा, फुलाचा आणि फळाचा. कच्च्या रंगाला वास येऊ लागला, तेव्हा तो भांड्यात उकळायला सांगितले. रंग शिजला की नाही हे पाहायचे तर एक थेंब पाण्यात किंवा नखावर टाकून पाहावा. ओले चीवर दोरीवर वाळत घालताना रंग एकाच बाजूला ओघळतो, म्हणून ते पुन्हा पुन्हा उलटावे. कापड ताठर झाले तर हाताने थोपटावे. धर्मग्रंथात असे बारकावे येतात ते ज्यांचे हात रंगात बुडालेले होते अशा माणसांमुळेच. संघात न्हावी होता, भंगी होता. नखावर थेंब टाकून रंग तपासणारा कुणी राजपुत्र असेल असे मला वाटत नाही.

हे वाचल्यावर एक प्रश्न माझी पाठ सोडीना. हा धागा कुणी काढला, कुणी कातला, कुणी रंगवला, आणि अखेर तो अंगावर घालण्याचा अधिकार कुणाला मिळाला? हा प्रश्न मी माझ्या जिल्ह्याला विचारून पाहिला. त्यातून जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवतो.

२

वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. या शाखेचा शेवटचा मोठा राजा हरिषेण. त्याचा सचिव वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे भिक्षुसंघाला दान दिले. पाचव्या शतकातली ही गोष्ट. 'आमचे वाशिम राजधानी होते' असे अभिमानाने सांगणारे लेख आपल्याकडे पुष्कळ निघतात. अजिंठ्याच्या भिंतींवर त्या काळची वस्त्रे दिसतात : पट्ट्यापट्ट्यांची, नक्षीची, लाल, निळी, हिरवट, आणि भिक्खूंची काषाय चीवरे. एका भित्तिचित्रात कापसाची सरकी काढण्याचे काम दाखवले आहे, असे जर्मन अभ्यासक श्लिंगलॉफ यांनी १९७४ मध्ये दाखवून दिले. राजाचे नाव शिलालेखात आहे, सचिवाचे आहे. सरकी काढणारीचे नाव कुठेही नाही.

ज्याचे नाव शिलालेखात नाही, त्याचा माग कुठे लागायचा? माझ्या मते त्याच्या कामात. ते काम आमच्या गावांत अगदी परवापर्यंत चालू होते. जवसाचा वाख कुणी काढीत नव्हते हे खरे. आमच्याकडचा जवस तेलासाठी पेरलेला, बुटका आणि फाटेफोड जास्त असलेला. धाग्याचा जवस दाट पेरतात, म्हणजे तो उंच आणि सरळ वाढतो. आणि तो कापत नाहीत, मुळासकट उपटतात. परंतु जवसाचा वाख ज्या रीतीने निघतो, त्याच रीतीने अंबाडीचा आणि तागाचा निघतो. आणि अंबाडीचे काम आमच्याकडे मातंग समाजाच्या हातात होते.

अंबाडीची ताटे कापून त्यांच्या पेंढ्या बांधायच्या. नाल्याच्या डोहात वरून दगड ठेवून त्या बुडवायच्या. आठ-पंधरा दिवसांनी साल कुजून सुटू लागते. किती दिवस ठेवायचे याचे गणित पाण्यावर आणि हवेवर असते. लवकर काढले तर साल सुटत नाही, उशीर झाला तर वाखच कुजतो. मग कंबरभर घाण पाण्यात उभे राहून साल सोलायची, पाण्यावर आपटून धुवायची, वाळवायची, विंचरायची. नंतर लाकडी फिरकीवर पीळ द्यायचा, पदराला पदर जोडायचा. त्यातून बैलाचे दावे, कासरा, मुसके, मोटेचा नाडा, बाजेचे चऱ्हाट. या कामाला शास्त्र म्हणायला हवे. वनस्पतीचे ज्ञान त्यात आहे, कुजण्याच्या क्रियेचे आहे, पिळाच्या ताकदीचे आहे. पण आपल्या समाजाने त्याला शास्त्र म्हटले नाही. मांगाचे काम म्हटले. त्याबद्दल रोख मजुरी दिली नाही. खळ्यावर बलुते म्हणून चार पायल्या टाकल्या.

आणि मोटेचा नाडा आठवा. विहिरीतून मोट ओढणारा हा दोर मातंगाने वळलेला. त्या दोराशिवाय पाटलाच्या मळ्याला पाणी नाही. पण त्याच विहिरीला त्याने हात लावला तर विहीर बाटली! दोर विहिरीत उतरतो, ओला होतो, पाणी घेऊन वर येतो. त्या दोराला विटाळ नाही. दोर वळणाऱ्या हाताला मात्र विटाळ आहे. वर्णव्यवस्थेचे सगळे तर्कशास्त्र या एका नाड्यात पिळलेले आहे.

३

कापसाची गोष्ट याहून वेगळी नाही, पण तिच्यात साम्राज्य शिरले. वऱ्हाड-नागपूरकडे जाडेभरडे सुती कापड विणणे हा महारांचा एक मोठा धंदा होता. रसेल यांच्या १९१६ च्या जातीविषयक ग्रंथातही त्याची नोंद आहे. तलम कापड कोष्ट्यांचे, जाड कापड महारांचे. चरख्यावर सूत कातण्याचे काम तर कितीतरी जातींच्या बायका करीत. पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून आणायचा, त्याचे पेळू करायचे, चातीवर सूत काढायचे. ते सूत महाराच्या मागावर जायचे. सुताला खळ द्यायची, ताणा लावायचा, खड्ड्यात पाय सोडून बसायचे आणि धोटा फेकायचा. त्यातून पासोड्या निघत, धोतरे निघत, कुणब्याच्या बायकोचे लुगडे निघे. थंडीत अख्खे गाव ज्या पासोडीत गुरफटून झोपे, ती महारवाड्यात विणलेली असे. पासोडीला विटाळ नव्हता.

रंग मात्र बहुतेक रंगाऱ्यांकडे. लाल रंगासाठी आलाची मुळे. आपल्या बांधांवरची बारतोंडी या आलाच्याच कुळातली. मुळे खणायची, कुटायची; कापड आधी तेलात आणि खारात मुरवायचे, मग हिरड्याचे पाणी आणि तुरटी द्यायची, आणि शेवटी आलाच्या पाण्यात उकळायचे. तुरटी नसेल तर तो लाल रंग धाग्याला धरत नाही. करडईच्या पाकळ्यांचा कुसुंबी रंग, पळसाच्या फुलांचा पिवळा, कातेचा तांबूस, नीळ. महावग्गातले मूळ, साल, फूल, पान, फळ सगळे इथे हजर आहेत.

१८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस अडला आणि सगळ्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीवर पडली. १८६७ साली रेल्वे अकोल्यावरून नागपूरला पोहोचली. या प्रांतांसाठी नेमलेला कापूस-आयुक्त रिव्हेट-कार्नाक याने त्याच सुमारास आपल्या अहवालात जे मांडले, त्याचा आशय प्रत्येक कार्यकर्त्याने लक्षात ठेवावा. रेल्वेचा फाटा आला की विलायती कापड देशी कापडापेक्षा स्वस्त विकता येईल. मग इथे सुतासाठी खर्च होणारा कापूस निर्यातीला मोकळा होईल. आणि कातण्या-विणण्यात गुंतलेली मोठी लोकसंख्या शेतमजुरीसाठी उपलब्ध होईल, असा त्याचा हिशेब. त्याने हे लपवून लिहिले नाही, आशेने लिहिले. आणि तसेच घडले. 'महार म्हणजे मुळातच शेतमजूर' असे आज जे सहज म्हटले जाते, त्यामागे असा एक सरकारी हिशेब आहे.

रंगाचेही तसेच झाले. १८६८ साली जर्मनीत ग्रेब आणि लीबरमान यांनी मंजिष्ठेतला लाल रंग प्रयोगशाळेत तयार केला. दोन-तीन वर्षांत तो बाजारात आला आणि आलाची मुळे खणण्याचे कारण संपले. कृत्रिम नीळ १८९७ मध्ये आली.

मागावरून उठलेली माणसे कुठे गेली? काही नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये गेली. ही गिरणी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केली. पुष्कळ मुंबईला गेले. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्यांना विणकाम खात्यात प्रवेश नव्हता. धोट्यात धागा ओवताना तो तोंडाने ओढावा लागे. अस्पृश्याच्या ओठाला लागलेला धोटा आपल्या ओठाला कसा लावायचा, ही सवर्ण कामगारांची तक्रार. विणकाम खात्यात पगार जास्त, म्हणून ही तक्रार फायद्याचीही होती. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढे रेटला. ज्यांचे बापजादे विणकर, त्यांनाच विणकाम बंद! गावात पासोडी चालली, शहरात धोटा बाटला.

४

आता मढ्यावरच्या कापडाकडे येतो. हे लिहिणे सोपे नाही, पण ते टाळून हा इतिहास पुरा होत नाही.

गावात कुणी मेले की प्रेतावरचे कापड महाराने घ्यायचे. याला 'हक्क' म्हणत. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाने मृतांची वस्त्रे घालावीत असे सांगितले आहे. गावाने ते नेमके अमलात आणले आणि त्याला वतनाचे गोंडस नाव दिले. विणणाऱ्याने नवे कापड गावाला द्यायचे आणि गावाने ते मढ्यावर घालून त्याला परत करायचे. माझी आजी सांगायची, तिच्या सासरी अशा कापडाची चोळी शिवली जाई. शिवताना म्हातारी सासू ते कापड तीनदा नदीवर धुवी, आणि तरीही पहिल्यांदा अंगात घालताना बाईच्या अंगावर काटा येई. 'लेकरू रडायचं, अंगाला येऊ द्यायचं नाही,' असे ती म्हणे. १९५६ नंतर आमच्या आजोबांनी हे कापड घेणे सोडले. त्यासाठी त्यांना गावकीचा रोष सोसावा लागला, खळ्यावरचे धान्यही बंद झाले.

अस्पृश्यांच्या कपड्यांवर अशीच बंधने होती. म्हणूनच २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली तेव्हा त्याच परिषदेत बाबासाहेबांनी बायकांना लुगडे नेसण्याची पद्धत बदलायला सांगितले. जातीची खूण पटवणारे दागिने टाकून द्यायला सांगितले. ग्रंथ जाळणे आणि लुगडे बदलणे हा एकाच लढ्याचा भाग होता.

त्याच काळात देशात चरख्याचा जयघोष चालू होता. १९२४ च्या बेळगाव काँग्रेसने सभासदत्वासाठी दरमहा २००० वार सूत ही अट घातली. स्वतः कातायची इच्छा नसेल तर दुसऱ्याकडून कातून घेतलेले सूतही चालत होते. वर्षभरात ही सक्ती सैल झाली, पण खादीचा आग्रह राहिला. १९२५ साली चरखा संघ निघाला, १९३६ पासून सेवाग्राम हे आमच्या विदर्भातलेच केंद्र झाले. चरख्याने खेड्यातील गरीब बायकांच्या हातात चार पैसे पडले, हे नाकारायचे कारण नाही. पण १४ ऑगस्ट १९३१ रोजी मणिभवनात गांधीजींची भेट झाली तेव्हा बाबासाहेबांनी विचारले ते मूलभूत होते. खादी वापरणे ही जशी काँग्रेसच्या सभासदत्वाची अट झाली, तशी अस्पृश्यता न पाळणे ही अट का झाली नाही? सुताची अट मोजता येते, वारांत. ही दुसरी अट घातली असती तर किती सभासद उरले असते, हे सगळ्यांना ठाऊक होते.

यंत्राविषयीही बाबासाहेबांचे मत स्वच्छ होते. यंत्र माणसाला फुरसत देते आणि फुरसतीशिवाय संस्कृती नाही. ज्याच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या कष्टच आले, त्याला हातकामाचे पावित्र्य शिकवणे ही क्रूर थट्टा आहे. जातिव्यवस्था ही नुसती श्रमांची विभागणी नाही, श्रमिकांची विभागणी आहे, हे त्यांनी १९३६ मध्ये मांडले. मांगाचा मुलगा दोरच वळील, महाराचा मुलगा जाडे सूतच विणील, असे ठरवून टाकणारी ती विभागणी.

५

मग आज हातकताई आणि वनस्पतीरंग यांचा जो नवा बोलबाला आहे, त्याकडे आपण कसे पाहायचे? शहरांतल्या प्रदर्शनांत हाताने कातलेले, मुळा-सालींनी रंगवलेले लिनन विकायला येते. त्याचा वाख बहुतांशी युरोपातून येतो, आणि आमच्या रानातली जवसाची काडी चुलीत जाते. 'परंपरागत कारागिरांनी पुन्हा आपल्या कलेकडे वळावे' असे आवाहनही होते. हे आवाहन करणाऱ्याची मुले कुठे शिकतात, हा प्रश्न आपल्या कार्यकर्त्यांच्या तोंडी लगेच येतो, आणि तो रास्तच आहे.

तरीही एवढ्यावर थांबता येत नाही. गेल्या वर्षी मी एका शेजाऱ्याच्या रानातून जवसाची ताटे उपटून आणली आणि टाक्यात भिजत घातली. आमच्या गावातल्या एका वयोवृद्ध मातंग गृहस्थांना ती दाखवली. आयुष्यभर त्यांनी अंबाडी वळलेली. त्यांनी एक काडी मोडली, नखाने साल ओढली, तळहातावर पीळ देऊन पाहिला आणि म्हणाले, 'मास्तर, वाख तं हाय हा. अंबाडीपेक्षा नरम हाय. पन याचं दावं होनार नाही, तुटन. हे अंगावरचं काम हाय.' जे मला ग्रंथ वाचून कळले, ते त्यांच्या बोटांना एका क्षणात कळले. त्यांचा मुलगा शिकून नोकरीला लागला आहे. त्याने दोर वळावा असे त्यांना मुळीच वाटत नाही, मलाही वाटत नाही. पण त्यांच्या बोटांतले ते ज्ञान 'गावकीचे काम' म्हणून त्यांच्याबरोबर संपून जावे, हेही मला पटत नाही. ते ज्ञान आपले आहे. गुलामी टाकताना ज्ञानही टाकून दिले, तर उद्या ते दुसऱ्या कुणाच्या नावावर नोंदले जाईल.

या पेचातून वाट कोणती? मला ती पुन्हा त्या चीवर-खंधकातच सापडली. आरंभी भिक्खू केवळ पांसुकूल वापरीत, म्हणजे उकिरड्यावरच्या आणि स्मशानातल्या चिंध्या. ललितविस्तरात तर असे आहे की, सुजातेची राधा नावाची दासी मेली, तिला सणाच्या कापडात गुंडाळून स्मशानात टाकले होते. ते कापड बोधिसत्त्वाने उचलले, धुतले आणि अंगावर घेतले. दासीच्या मढ्यावरचे कापड! पुढे जीवक वैद्याने उत्तम वस्त्राची जोडी अर्पण केली, तेव्हा बुद्धांनी नियम केला : ज्याची इच्छा असेल त्याने पांसुकूल वापरावे, ज्याची इच्छा असेल त्याने गृहस्थाने दिलेले वस्त्र स्वीकारावे.

मनूनेही मढ्यावरचे कापड सांगितले, बुद्धांच्या संघातही ते होते. कापड तेच आहे. मनूने ते जन्मावरून लादले. इथे 'ज्याची इच्छा असेल' हे शब्द आहेत. राजपुत्राने ते अंगावर घेतले आणि न्हाव्यानेही घेतले, आणि दोघे एका रांगेत बसले. माझ्या आजीच्या सासूबाईंना ही इच्छा विचारली गेली नव्हती. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो माणसे पांढरी वस्त्रे नेसून आली. कित्येकांनी घरातले होते-नव्हते विकून ती वस्त्रे घेतली होती. पिढ्यान्‌पिढ्यांत पहिल्यांदाच आमच्या लोकांनी अंगावर काय घालायचे ते स्वतः ठरवले होते.

म्हणून हातकामाच्या प्रत्येक योजनेला, प्रत्येक प्रदर्शनाला आपण याच मापाने मोजावे. हे काम करणारा ते स्वतःच्या इच्छेने करतो का? नको असेल तेव्हा सोडून दुसरे काम करण्याची त्याला मोकळीक आहे का? त्याला पुरेशी मजुरी मिळते का, आणि कापडावर त्याचे नाव येते का? ब्राह्मणाच्या मुलीने वाख कुजवावा आणि मातंगाच्या मुलीने वस्त्रविद्येची प्राध्यापिका व्हावे, इतकी ही वाट मोकळी झाली तर चरख्याशी आमचे भांडण उरणार नाही.

दरम्यान एक काम विद्यार्थी आणि शिक्षकांना लगेच करता येण्यासारखे आहे. आपापल्या गावातल्या वृद्ध दोरवाल्यांकडे, उरल्यासुरल्या विणकरांकडे जावे. कोणता वाख किती दिवस भिजवीत, कोणत्या झाडाचा रंग कशाने धरे, अवजारांना काय म्हणत, हे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे. आणि त्याच वहीत पुढच्या ओळीवर हेही लिहावे, की या कामाचे त्यांना काय मिळाले आणि कोणत्या विहिरीवर त्यांना पाणी मिळाले नाही. या दोन ओळी एकमेकींपासून तोडू नयेत.